पीएच.डी. झाली, पुढं काय? 'पोस्टडॉक'चा हिशोब गावाकडच्या घरांनीही मांडायला हवा

अहिल्यानगर : बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिपमुळे गावाकडची पोरं-पोरी पीएच.डी.पर्यंत पोहोचू लागली. पण ही मदत पीएच.डी.पुरतीच. नंतर अनेकांच्या वाट्याला येतं ते तासिका तत्त्वावर शिकवणं आणि प्राध्यापक भरतीची वाट बघणं. मॉलिक्युलर बायोलॉजी, बायोटेक, वैद्यकीय संशोधन या विषयांत मात्र आणखी एक वाट आहे, ती म्हणजे पोस्टडॉक.

पोस्टडॉक ही डिग्री नाही. पीएच.डी.नंतर नामांकित प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षं पगारी संशोधन करायचं, असा हा प्रकार. शास्त्रज्ञाच्या कायम नोकरीसाठी हा अनुभव बहुतेक ठिकाणी विचारतात.

पैसा किती? केंद्राच्या प्रकल्पांतील रिसर्च असोसिएटला 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 58 ते 67 हजार रुपये आणि वर घरभाडं मिळतं. केंद्राच्या 'एएनआरएफ'ची राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिप दोन वर्षांची असते. वयोमर्यादा 35, महिला, एससी, एसटी, ओबीसी आणि दिव्यांगांना पाच वर्षांची सवलत. लग्न-लेकरांमुळे संशोधन थांबलेल्या महिलांसाठी 'वाइज-किरण' योजना आहे.

जायचं कुठं? पुणे तर जवळच आहे. तिथं एनसीसीएस, एनसीएल, आयसर, आघारकर संस्था आणि विषाणूंवर काम करणारी एनआयव्ही आहे. कोव्हॅक्सिन लस एनआयव्हीच्या साथीनंच तयार झाली. खारघरला कर्करोगावर संशोधन करणारं 'ॲक्ट्रेक' आहे.

या संशोधनाचा आपल्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. 2022 मध्ये लम्पीनं आपल्या जिल्ह्यातल्या गोठ्यांची काय दशा केली, ते आठवा. तेव्हा जनावरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचावी लागली. खास लम्पीवरची देशी लस हिसार आणि इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी तयार करून दाखवली. दुधावर चालणाऱ्या जिल्ह्याला अशा प्रयोगशाळेत आपलीही माणसं असणं परवडणारं आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. काम कंत्राटी असतं, फेलोशिपचे पैसे कधी कधी उशिरा येतात आणि शास्त्रज्ञांच्या कायम जागा थोड्याच आहेत. तिशी ओलांडलेल्या, घरावर कर्ज असलेल्या पोराला हे जड जातं. अमेरिकेची वाटही अवघड झाली आहे. तिथं 2025 मध्ये संशोधनाच्या निधीला कात्री लागली. बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-1बी अर्जावर सप्टेंबरपासून एक लाख डॉलरचं शुल्क आलं. जे-1 व्हिसाला ते लागू नाही, पण तिथंही आधी प्रयोगशाळेकडे पैसा हवा.

म्हणून तयारी पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षातच सुरू करावी. जिथं जायचं तिथल्या शास्त्रज्ञाची संमती आधी लागते. त्यांना थेट ईमेल करण्यात कमीपणा नाही. राहुरीचं कृषी विद्यापीठ आणि लोणीची प्रवरा वैद्यकीय संस्था जिल्ह्यातच आहेत. तिथं आणि तालुक्याच्या कॉलेजांत याचं मार्गदर्शन मिळालं, तर पीएच.डी.वर झालेला सरकारी खर्चही सार्थकी लागेल. शिवाय सारथी, बार्टी, महाज्योतीनं पीएच.डी.नंतरच्या दोन वर्षांचाही विचार करावा. पोरांना शिडीच्या मधल्या पायरीवर सोडून कसं चालेल?