धबधबा कोणाच्या मालकीचा?



मागच्या महिन्यात पुण्याहून दादाचा फोन आला. मुळशी तालुक्यात त्याने एक प्लॉट बघितलाय. समोर डोंगर, पावसाळ्यात गॅलरीतून धबधबा दिसतो आणि सगळीकडून कंपाऊंड असल्यामुळे "बाहेरची गर्दी आत येत नाही". निम्मे पैसे तू घाल, रिटायर झाल्यावर तुलाच उपयोग होईल, असं त्याचं म्हणणं. फोटो खरोखर सुंदर होते. "बघते, कळवते" म्हणून मी फोन ठेवला, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. बाहेरची गर्दी म्हणजे कोण? कॉलेजात असताना एसटीच्या मागच्या सीटवर बसून, डब्यात पोळी-भाजी घेऊन ताम्हिणीला जाणाऱ्या आम्ही पाच मैत्रिणी त्या गर्दीतल्याच होतो.

आमचं लुडविग्सहाफेन हे पर्यटकांचं गाव नव्हे. ऱ्हाइनच्या काठाने कित्येक किलोमीटर पसरलेला रासायनिक कारखाना आणि त्याला चिकटलेलं शहर. माझ्यासारखे बरेच जण इथे आले ते रसायनशास्त्राच्या पोटी. पण इथून लोकल पकडली की अर्ध्या तासात नॉयश्टाट येतं आणि स्टेशनातून बाहेर पडलं की थोड्याच वेळात आपण फाल्त्सच्या जंगलात असतो. इथलं सर्वात उंच शिखर काल्मिट, ६७३ मीटर. म्हणजे आपल्या सिंहगडाच्या जेमतेम निम्मं. धबधबे तर जवळजवळ नाहीतच. इथला तांबडा वालुकाश्म पाणी शोषून घेतो आणि खाली झऱ्यांतून सोडतो. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला. कठीण थर टिकतो, मऊ थर झिजतो, त्यामुळे पायऱ्या पडतात आणि मोसमी पावसाचं पाणी त्या पायऱ्यांवरून उड्या मारत कोकणात उतरतं. निसर्गाने दिलेल्या देणगीचाच हिशोब केला तर आपण या लोकांपेक्षा कितीतरी श्रीमंत आहोत.

तरीही इथे फिरताना आपली मंडळी हमखास एक वाक्य बोलतात: "बघा, किती स्वच्छ! लोकांनाच शिस्त आहे. नाहीतर आपलं लोणावळा." मीही बरीच वर्षं हे बोलत होते. आता बोलत नाही, कारण ही शिस्त रक्तातून आलेली नाही, एवढं वाचल्यावर कळलं.

इथल्या जंगलातल्या पायवाटा आखणारा, त्यांवर खुणा रंगवणारा फाल्त्सरवाल्ड-फेराइन हा संघ १९०२ साली स्थापन झाला, तोही आमच्या या धूर ओकणाऱ्या गावात. त्याच्या आधी, १८९५ साली, व्हिएन्नात कामगार चळवळीतून 'नाटुअरफ्रॉइंडे' म्हणजे निसर्गमित्र ही संघटना निघाली होती. कारखान्यात आठवडाभर राबणाऱ्या माणसाला रविवारी डोंगर मिळालाच पाहिजे, ही तिची मागणी. १९३३ मध्ये नाझींनी तिच्यावर बंदी घातली. डोंगरावर एकत्र जाणारी माणसं एकत्र विचारही करतात, हे हुकूमशहांना चांगलं कळतं. नॉयश्टाटजवळच्या हाम्बाखच्या टेकडीवर तर १८३२ सालीच हजारो लोक जत्रेच्या नावाखाली जमले होते. राजकीय सभांना मनाई होती, म्हणून जत्रा. त्या जत्रेत लोकशाहीची आणि जर्मन एकतेची भाषणं झाली.

या दोन्ही संघटनांच्या मिळून शंभरावर झोपड्या आज या जंगलात आहेत. बऱ्याच ठिकाणी स्वयंसेवकच स्वयंपाक करतात. लांब बाकांवर प्राध्यापक आणि फिटर शेजारी शेजारी बसून उकडलेले बटाटे आणि चक्क्यासारखं ताजं चीज खातात. ही झोपडी-संस्कृती २०२१ साली जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. पण मला वारशापेक्षा कायदा महत्त्वाचा वाटतो. १९७५ च्या जर्मन वनकायद्याने मनोरंजनासाठी जंगलात पायी जाण्याची मुभा सर्वांना दिली आहे, जंगल खाजगी असलं तरी. बव्हेरियाने तर १९४६ च्या राज्यघटनेतच निसर्गसौंदर्य उपभोगण्याचा हक्क लिहून ठेवला. इंग्लंडमध्ये १९३२ साली किंडर स्काउटच्या खाजगी माळावर तरुण कामगार घुसले आणि त्यांतले काही तुरुंगात गेले. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने डोंगर, माळ आणि तळ्यांकाठी जबाबदारीने हिंडण्याचा हक्क सर्वांना मिळाला.

आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही नंतर चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. तरी तळं प्रत्यक्षात बंदच राहिलं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची हजारो माणसं चालत गेली, तेव्हा कागदावरच्या हक्काला अर्थ आला. महाडचा प्रश्न माणुसकीचा होता, सहलीचा नव्हे. त्याची बरोबरी मला करायची नाही. पण निसर्गाने दिलेल्या पाण्यापर्यंत कोणी पोचायचं हे कोण ठरवणार, हा प्रश्न तेव्हाही होता आणि कंपाऊंडच्या रूपाने आजही आहे.

यावर दादाचं उत्तर तयार होतं. "लोकांना मोकळं सोडलं की काय होतं ते तू पेपरात वाचतेसच." वाचते. ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा पूल कोसळून चौघे गेले, आणि तो पूल आधीच धोकादायक ठरवलेला होता. अशा वेळी बंदी नको असं मी म्हणणार नाही. पाणी चढलेलं असताना ओढ्यात उतरणं हा हक्क नव्हे, आत्मघात आहे.

पण सरसकट मनाई म्हणजे व्यवस्था नव्हे. इथेही मनाई असते. ससाणे घरटी करतात तेव्हा ठराविक कडे गिर्यारोहकांना बंद होतात. कोणता कडा आणि का, हे जाहीर केलेलं असतं, आणि पिल्लं उडून गेली की कडा पुन्हा खुला होतो. जंगलात जागोजागी क्रमांक लिहिलेल्या छोट्या हिरव्या पाट्या आहेत. अपघात झाला तर फोनवर तो क्रमांक सांगायचा, मदत तिथे येते. या पाटीला काही फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही. आपल्याकडे लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारख्या संस्थांची पोरं स्वतःचा जीव धोक्यात घालून दरीत उतरतात. त्यांचं काम सोपं करणाऱ्या पाट्या, कठडे आणि ओढ्याची पातळी वाढली की वाजणारा भोंगा एवढं तरी व्हायला हवं. ते होत नाही आणि दोष मात्र "लोकांना अक्कल नाही" यावर जातो.

शिवाय बंदी कोणाला लागते? रस्त्यावर पोलीस उभे राहतात ते मोटरसायकलवरून आलेल्या पोरांना अडवायला. गॅलरीतून धबधबा बघणाऱ्याला कोणी अडवत नाही.

आता आपल्याबद्दल. अशा प्लॉटांचे गिऱ्हाईक कोण, हे आपण एकमेकांना विचारत नाही. बरेचदा आपणच असतो. परदेशातली कमाई, गावाकडची ओढ आणि चार दिवस तरी शांतता मिळावी ही इच्छा. यात गुन्हा काही नाही. पण मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता आणि तरी त्यांची गावं पाण्याखाली गेली. त्याच खोऱ्यातली उरलेली जमीन आता आपण "व्ह्यू" म्हणून घेतो, तेव्हा निदान तीन गोष्टी विचारायला हव्यात. ही जमीन आधी कोण कसत होतं आणि ते आज कुठे आहेत? वस्तीवरून झऱ्याकडे, देवळाकडे जाणारी जुनी पायवाट कंपाऊंडने तोडली आहे का? बंगल्याच्या टाकीत येणारं पाणी कोणाच्या वाट्याचं आहे?

मी हे तीन प्रश्न दादाला पाठवले. तो चिडला. "तू तिकडे बसून बोलतेस, इथे सुट्टीच्या दिवशी तासन्‌तास ट्रॅफिकमध्ये अडकून बघ," म्हणाला. त्याचंही खोटं नाही. पण दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला: वाटेचं मी विचारलं, तिथला माणूस नीट उत्तर देत नाही.

त्याने प्लॉट अजून घेतलेला नाही, सोडलेलाही नाही. डिसेंबरात मी पुण्याला जाणार आहे. जवळच्या गावापर्यंत एसटीने जायचं आणि पुढे विचारत विचारत त्या पायवाटेने धबधब्यापर्यंत चालायचं, असं आमचं ठरलंय. तेव्हा धबधबा आटलेला असेल. वाट उघडी आहे की नाही, एवढं मात्र कळेल.

आपली,
लुडविग्सहाफेनची एक संशोधक