परसबागेची जागा सावलीला विचारा

गेल्या डिसेंबरात विद्यार्थ्यांबरोबर भंडारदऱ्याला जात असताना वाटेत एका शाळेत थांबलो. इमारतीच्या मागे, उत्तरेच्या बाजूस मुलांनी परसबाग केली होती. खतपाणी वेळेवर होते; तरी मेथी फिकट आणि वांग्यांची झाडे नुसतीच उंच वाढलेली. भर दुपारी वाफे सावलीत होते. “जूनच्या आरंभी जागा आखली तेव्हा येथे लख्ख ऊन होते, सर,” असे तेथील शिक्षक म्हणाले. त्यांचे म्हणणे खरे होते आणि जागा चुकली होती, हेही खरे होते. असे कसे?

सूर्य रोज दुपारी बाराला डोक्यावर येतो, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. भंडारदऱ्याचे अक्षांश सुमारे साडेएकोणीस अंश उत्तर आहेत. 22 डिसेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या साडेतेवीस अंश दक्षिणेस असतो. म्हणून त्या दिवशी मध्यान्हीची त्याची उंची 90 − 19.5 − 23.5, म्हणजे 47 अंशच भरते. समजा, शाळेची इमारत 6 मीटर उंच आहे. तिची सावली उत्तरेकडे साडेपाच मीटरांहून अधिक पडेल. सगळे वाफे तिच्यात बुडाले!

आता 21 जून घ्या. त्या दिवशी मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून चार अंश उत्तरेस सरकलेला असतो. त्याच इमारतीची सावली दक्षिणेकडे, अर्ध्या मीटरहूनही कमी पडते. साधारण 18 मे ते 25 जुलै या काळात भंडारदऱ्यास मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो. शिक्षकांनी नेमक्या त्याच दिवसांत जागा पाहिली होती.

बागेने दक्षिणेकडे तोंड करावे, हा नियम बागकामाच्या पाश्चात्त्य पुस्तकांत आढळतो. लंडनमध्ये तो योग्यच आहे. तेथे डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य जेमतेम 15 अंशांवर येतो, आणि बारा महिन्यांत मध्यान्ही एकदाही उत्तरेस जात नाही. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो. आपल्याला तो नियम जसाच्या तसा उचलता येणार नाही. ऋतू आणि पीक पाहूनच जागा ठरवली पाहिजे. भंडारदऱ्यास जून-जुलैत सूर्य उत्तरेस असला, तरी बहुतेक दिवस ढगांआड असतो. खरे ऊन ऑक्टोबरपासून पुढे मिळते. म्हणून हिवाळी भाजीसाठी दक्षिणेची मोकळी जागा घ्यावी. उत्तरेची जागाच हाती असेल, तर तेथे अळू, पुदिना, आले लावावे.

पूर्व-पश्चिमेचाही विचार हवा. 1926 साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या पायथ्याशी बाग आहे. जलाशय पश्चिमेस, बाग पूर्वेच्या अंगास. त्यामुळे उंच भिंत मावळतीचे ऊन लवकर अडवते. मध्यान्हीच्या तीन तास आधीचे आणि तीन तास नंतरचे ऊन भूमितीच्या दृष्टीने जवळजवळ सारखेच. पण दुपारी जमीन आणि हवा तापलेली असते, पाने लवकर कोमेजतात. कोवळ्या रोपांना उन्हाळ्यात पश्चिमेची सावली लाभदायकच ठरते.

माझे शिक्षकांना सांगणे एवढेच, की परसबाग हा भूगोलाचा, गणिताचा आणि भौतिकीचा तास आहे. कुदळ मारण्यापूर्वी तो घ्या. एक मीटर लांबीची काठी मोकळ्या जागी सरळ उभी करा. दुपारी बारा ते एक या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा. सर्वांत आखूड सावली उत्तर-दक्षिण दिशा दाखवील. भंडारदऱ्यास ही वेळ साडेबाराच्या आगेमागे येते, कारण आपली घड्याळे 82.5 अंश रेखांशावर लावलेली आहेत आणि भंडारदरा त्याच्या बऱ्याच पश्चिमेस आहे. 22 डिसेंबरला ही सावली सुमारे 93 सेंटिमीटर भरेल, 21 मार्चला सुमारे 35. आणि 18 मेच्या आसपास, सुट्टी असली तरी, कोणी तरी शाळेत अवश्य जा. त्या दिवशी मोजायला सावलीच उरणार नाही!