कडक गाडीचा कैवार

ऑटोक्रॉस या अमेरिकी खेळात मोठ्या वाहनतळावर किंवा जुन्या विमानतळाच्या काँक्रीटवर नारिंगी शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखतात आणि एकेका गाडीची वेळ मोजतात. फेरी साधारण मिनिटभराची असते आणि वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे क्वचितच जातो. शंकू पडला तर वेळेत २ सेकंद वाढतात, मार्ग चुकला तर फेरीच बाद. (भारतात या नावाने बहुधा मातीतली शर्यत ओळखली जाते, ती वेगळी.) स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या ‘स्ट्रीट’ गटात गाडी जवळजवळ शोरूममधून आली तशीच ठेवावी लागते. स्प्रिंग मूळच्या, रिमची रुंदी मूळची, व्यास फार तर एक इंच कमी-जास्त. शॉक ॲब्सॉर्बर बदलता येतात, पुढचा किंवा मागचा एकच अँटी-रोल बार (गाडीचे कलणे रोखणारी आडवी सळई) बदलता येतो, आणि टायर रस्त्यावरचे हवेत, ट्रेडवेअर (झिजेला टिकाव किती ते सांगणारा आकडा) किमान २००. एवढ्याशा मोकळिकीत माझदा एमएक्स-५ सारखी स्पोर्ट्स कार स्पर्धेसाठी कशी तयार करावी, यावर एक मत ठामपणे मांडले जाते आणि तितक्याच ठामपणे ते चुकीचे आहे.

पूर्वपक्ष असा. गाडी वळणात कलते, कलली की वजन बाहेरच्या चाकांवर जाते, वजन गेले की पकड गेली. म्हणून बार जाडात जाड, शॉक कडकात कडक, आणि ज्या गटात नियम आड येत नाहीत तिथे गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली. या मताचा पुरावाही ठरलेला आहे. मडगार्डवर दोन्ही तळवे ठेवून सगळा भार टाकायचा; गाडी हलली नाही की मान डोलवायची. गाडी वेगवान झाली आहे की नाही, हे वाहनतळावर उभ्या उभ्या ठरवण्याची ही सोय घड्याळापेक्षा स्वस्त आहे, यात वाद नाही.

वजन सरकते हे खरेच, पण कलण्यामुळे सरकते हे खरे नाही. हिशेब शाळकरी आहे. चालकासह गाडी ११०० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर दीड मीटर धरावे. गाडी १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतक्या, त्वरणाने वळत असेल तर ११०० गुणिले ०.४५ भागिले १.५, म्हणजे ३३० किलो भार आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूला जातो. उभ्या गाडीत दोन्ही बाजूंना ५५०-५५० किलो होते. वळणात बाहेर ८८० आणि आत २२० उरतात. या गुणाकार-भागाकारात वजन आहे, उंची आहे, रुंदी आहे. स्प्रिंग कुठे आहे? बार कुठे आहे? कलण्यामुळे गुरुत्वमध्य थोडा बाहेर झुकतो आणि त्याने भर पडते, हेही मान्य करावे. तीन अंशांच्या कलाला ती भर १५ किलोंच्या आसपास भरते. म्हणजे गाडी अजिबात कलणार नाही असा बंदोबस्त केला, तर ३३० किलोंच्या वर पडणारे हे १५ किलो वाचतील. एवढ्यासाठी काही लोक कमरेचे मणके पणाला लावतात.

मग बार करतो काय? सरकणाऱ्या भाराची पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणी करतो. टायरचा स्वभाव असा की भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. त्यामुळे ज्या आसावर डाव्या-उजव्या भारातली तफावत जास्त, त्या आसाची एकूण पकड आधी संपते. पुढचा बार जाड केला की पुढची पकड घटते आणि गाडीचे नाक वळणाबाहेर ओढले जाते. मागचा जाड केला की शेपूट सुटू लागते. बार हे तोल साधण्याचे साधन आहे, आणि तेवढ्यापुरते ते उत्तम आहे. पण दोन्हीकडे सारख्या प्रमाणात जाड बार लावून पकड वाढल्याचे सांगणे म्हणजे डाव्या खिशातले पैसे उजव्या खिशात घालून श्रीमंत झाल्याचे सांगणे. आणि हे सांगणारा त्याच दमात ‘गाडी नाक बाहेर टाकते’ अशी तक्रार करून आणखी जाड बार मागवतो, तोही पुढचाच.

गाडी खाली बसवण्याचे प्रकरण याहून मजेदार आहे. गुरुत्वमध्य खाली आला तर ३३० किलोंचा आकडा खरोखरच कमी होतो; पूर्वपक्षाच्या सगळ्या मांडणीत धड मुद्दा हा एवढाच. पण पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकच चाकाला वरून धरतो अशी रचना) असलेली गाडी फार खाली आणली की खालची आर्म चाकाकडे वर चढू लागते. तिथे रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त उतरते, दोहोंमधले अंतर वाढते, आणि न कलण्यासाठी खाली आणलेली गाडी तेवढ्याच स्प्रिंगवर आणखी कलायला लागते. शिवाय चाक दबताना कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल, जो थोडा सुधारायचा तोही सुधारेनासा होतो. मग तिला सावरायला आणखी कडक स्प्रिंग येतात आणि तिथून पुढचा खर्च ज्याचा त्याने मोजावा.

स्लॅलममध्ये, म्हणजे शंकूंच्या ओळीतून नागमोडी जाताना, कडक गाडी लवकर प्रतिसाद देते, हा आक्षेप येईल. देते. पण गाडीचा कल किती झपाट्याने घडतो यावर शॉकचा अंमल चालतो आणि तो बदलायला नियमाची मुभा आहे. राहता राहिला पृष्ठभाग. राष्ट्रीय स्पर्धा २००९ पासून नेब्रास्कातल्या लिंकनला, एका जुन्या हवाई तळाच्या काँक्रीटवर होते. अशा काँक्रीटला फरश्यांचे सांधे असतात. सांध्यावर उडणाऱ्या चाकाची पकड, ते हवेत असेपर्यंत, शून्य.

या मताची मंडळी जुनीच. २०१४ साली ‘स्टॉक’ गटाचा ‘स्ट्रीट’ झाला आणि शर्यतीचे मऊ टायर तिथून हद्दपार झाले, तेव्हा हा खेळ आता संपला असे छातीठोकपणे सांगितले गेले होते. रस्त्यावरचे टायर म्हणजे लाकडी चाके, असा एकूण सूर. प्रत्यक्षात टायर कंपन्यांनी याच मर्यादेत बसतील असे टायर आणले. ब्रिजस्टोनचा आरई-७१आर आला, पुढे योकोहामाचा ए०५२ आला, आणि लाकडी चाकांची उपमा कोणी पुन्हा काढली नाही. त्या भविष्यवाणीचा हिशेब मात्र आजवर कोणी दिलेला नाही.

बाकीचे आक्षेप किरकोळ आहेत. अश्वशक्ती वाढवावी म्हणावे, तर या गटात इंजिनाला हात लावायला जवळपास बंदी आहे. टायरमधली हवा जितकी कमी तितकी पकड जास्त, हे वाळूत खरे. काँक्रीटवर टायर कडेवर लोळतो. २०० ट्रेडवेअरचे सगळे टायर सारखेच, असे मानणाऱ्याने तो आकडा येतो कुठून ते पाहावे. टेक्सासमध्ये ठरलेल्या रस्त्यावर ७२०० मैल गाड्या चालवून टायरची झीज मोजतात खरी, पण बाजूवर छापायचा आकडा ठरवते टायर कंपनीच.

आता मंडन. सुरुवात टायरपासून करावी, कारण जमिनीला टेकलेली वस्तू तीच. मिनिटभराच्या फेरीत टायर तापायला वेळ नसतो, म्हणून पहिल्या वळणापासून धरणारा टायर निवडावा. झीज हा दुसरा विचार. एकाच गाडीत दोन चालक आळीपाळीने उतरत असतील तर उलटी अडचण होते. टायर थंड व्हायला उसंत मिळत नाही, आणि बागेत फवारणीला वापरतात तो हातपंप घेऊन कोणीतरी दोन फेऱ्यांच्या मध्ये रबरावर पाणी मारत चाकांभोवती फिरतो.

त्यानंतर अलाइनमेंट. गाडी तीन अंश कलली तर बाहेरचे चाकही कमी-अधिक तेवढेच बाहेर झुकते. एमएक्स-५ च्या पुढच्या डबल विशबोनमध्ये (वर-खाली दोन आर्मच्या रचनेत) त्यातले काही परत मिळते, मॅकफर्सनमध्ये फारच थोडे. म्हणून कारखान्याने दिलेल्या मर्यादेत पुढे मिळेल तितका ऋण कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकलेला) घ्यावा, पुढे किंचित टो-आउट (चाकांची तोंडे बाहेर), मागे किंचित टो-इन (तोंडे आत). कलण्याचा खरा तोटा हा, कॅम्बरचा आहे. आणि कमी कॅम्बर मिळणाऱ्या स्ट्रटच्या गाडीत पुढचा जाड बार उपयोगी पडतो तोही याच कारणाने. पूर्वपक्षाला हे कारण ठाऊक असते, तर त्याचे अर्धे म्हणणे खरे ठरले असते.

टायरमधल्या हवेचा अंदाज खडूने घ्यावा. टायरच्या खांद्यावर, माथ्याकडून बाजूकडे, खडूची आडवी रेघ ओढावी आणि फेरीनंतर ती कुठवर पुसली ते पाहावे. अनेक टायरांच्या बाजूवर एक छोटा त्रिकोण असतो. पुसण्याची हद्द त्याच्याजवळ थांबली तर हवा ठीक, खाली उतरली तर कमी. सुईचा तापमापक असेल तर माथ्याच्या आत, मध्ये आणि बाहेर असे तीन ठिकाणी तापमान घ्यावे. शॉक एका वेळी थोडेच बदलावेत, आणि बदल लिहून ठेवावा.

राष्ट्रीय स्पर्धेत दोन मार्गांवर प्रत्येकी तीन फेऱ्या मिळतात आणि दोन्हींतल्या उत्तम वेळांची बेरीज धरतात. त्या मार्गांवर सरावाची फेरी नसते. ते पायी चालून पाठ करावे लागतात. तेव्हा खर्चाचा क्रम टायर, अलाइनमेंट, शॉक असा ठेवावा, आणि बार घ्यायचाच असेल तर तो सगळ्यात शेवटी घ्यावा.