उठून बसली म्हणजे झालं?

आपल्याकडे कुणी चक्कर येऊन पडलं की पुढची पाच मिनिटं ठरलेली असतात. एकजण तोंडावर पाणी मारतो, दुसरा कांदा फोडून नाकाशी धरतो, तिसरा काखेत हात घालून उठवून बसवायला बघतो, कुणीतरी मिटलेल्या दातांतून चमच्याने साखरपाणी घालायला बघतं. तेवढ्यात पडलेलं माणूस डोळे उघडतं, "काही नाही, काही नाही झालं" म्हणतं आणि जमलेल्यांचा जीव भांड्यात पडतो. मग कारणं निघतात. सकाळपासून पोटात काही नव्हतं, पित्त झालं असेल, उन्हातून आली, बीपी लो झालं असणार. चहा होतो. विषय संपतो.

तो तिथे संपू नये, एवढ्यासाठी आजचं हे लिहिणं. भान चटकन परत आलं म्हणजे कारण साधंच असेल, असं समजायला काहीही आधार नाही. गर्दीत उभं राहून आलेली चक्कर असो की हृदय काही सेकंद थांबल्यामुळे आलेली असो, माणूस मिनिटभरात उठून बसतं आणि दोन्ही वेळा तितकंच ठीक दिसतं. फरक असतो तो पडण्याच्या आधी. आणि नेमकं तेच आपण कुणी विचारत नाही.

माझ्या आत्याचं सांगते. सत्तरीला टेकलेली, पण अजून सगळं स्वतः करायची हौस. संकष्टीच्या संध्याकाळी ओट्यापाशी उभी राहून मोदकाच्या पाऱ्या वळत होती, वळता वळता कोसळली. ओरडली नाही, कशाला धरलं नाही. अर्ध्या मिनिटात शुद्धीवर आली आणि पहिला प्रश्न केला, "गॅस कुणी बंद केला?" भुवईवर खोक पडली होती, चष्म्याची काडी तुटली होती, ओठ सुजला होता. दवाखान्यात टाके घातले, शक्तीच्या गोळ्या दिल्या, उपासाच्या दिवशी इतका वेळ उभं राहू नका म्हणून सांगितलं. सगळ्यांना ते पटलं. संकष्टीचा उपास, चंद्रोदय उशिरा, वय झालेलं.

दिवाळीनंतर ती पुन्हा पडली तेव्हा उपास नव्हता. दुपारचं जेवण झालं होतं, खुर्चीत बसून टीव्ही बघत होती, आणि बसल्या जागी मान कलली. या वेळी माझी वहिनी समोरच होती. आत्या आधी काहीच म्हणाली नाही. घाम नाही, मळमळ नाही. चेहरा पांढराफटक पडला आणि शुद्ध येताना एकदम लालबुंद झाला. वहिनीने मनगट धरलं तर नाडी फार सावकाश लागत होती. हे सगळं तिने हृदयरोगतज्ज्ञांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी भुवईवरचा जुना व्रण पाहिला आणि विचारलं, "त्या दिवशी तळहात खरचटले होते का?" नव्हते. पडताना ज्याला क्षणभर तरी कळतं, त्याचे हात आपोआप पुढे जातात. आत्याचे हात कोरे होते आणि मार सगळा तोंडावर होता. म्हणजे चाहूलच लागली नव्हती. ईसीजीत हार्ट ब्लॉक निघाला. हा ब्लॉक रक्तवाहिनीत चरबी साठण्याचा नव्हे, हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विजेचा संदेश अडण्याचा. त्यावर स्टेंट चालत नाही, पेसमेकर लागतो. तो बसला, आणि आत्या आता बरी आहे.

या प्रकारच्या चक्करेची ओळख वैद्यकाला फार जुनी आहे. डब्लिनमधल्या रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १८२७ साली आणि विल्यम स्टोक्स यांनी १८४६ साली, नाडी फार मंद झालेली माणसं अशी अचानक बेशुद्ध पडतात हे नोंदवून ठेवलं. उपाय मिळायला मात्र शंभराहून अधिक वर्षं गेली. स्टॉकहोममधल्या आर्ने लार्सन यांना दिवसातून वीस-तीस वेळा असे झटके येत. त्यांच्या पत्नीने सर्जन ओके सेनिंग आणि अभियंता रुने एल्मक्विस्ट यांच्यामागे अक्षरशः तगादा लावला, आणि ८ ऑक्टोबर १९५८ रोजी शरीराच्या आत बसवलेला जगातला पहिला पेसमेकर लार्सन यांना मिळाला. तो काही तासच चालला. पुढे त्यांनी वीसहून अधिक पेसमेकर वापरले, आणि २००१ साली वयाच्या ८६व्या वर्षी ते गेले, डॉक्टर आणि अभियंता या दोघांच्याही नंतर. नवऱ्याच्या चक्करेला "अशक्तपणा" म्हणायला नकार देणाऱ्या एका बाईमुळे हे घडलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

सगळ्याच चक्करा हृदयाच्या नसतात, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. साधारण तीन माणसांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी शुद्ध हरपण्याचा अनुभव येतो, आणि त्यातल्या बहुतेकांचं कारण धोक्याचं नसतं. मेंदूचा रक्तपुरवठा सहा-आठ सेकंद पुरेसा झाला नाही तरी भान जातं. उभं राहिल्यावर अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. एरवी शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळून आणि ठोके वाढवून ते सावरून घेतं. पंधरा ऑगस्टला मैदानावर ताटकळलेल्या मुलांपैकी एखादं पडतं, इंजेक्शनची सुई पाहून धट्टाकट्टा तरुण पडतो, तेव्हा हे सावरणं क्षणभर उलटं होतं. ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात. सोसायटीत पाण्याचा दाब कमी झाला की वरच्या मजल्याचे नळ आधी कोरडे पडतात, तसं डोक्याचं होतं. पण ही चक्कर सांगून येते. आधी जांभया येतात, घाम फुटतो, पोटात ढवळतं, कानांत गूं आवाज होतो, माणसांचे आवाज लांबून आल्यासारखे वाटतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. तेवढ्या वेळात खाली बसलं, आडवं झालं, तर पडणं टळतं. बसायला जागाच नसेल तर पायात पाय अडकवून मांड्या घट्ट आवळाव्यात, मुठी घट्ट मिटाव्यात. त्यानेही दाब थोडा सावरतो.

इथे मुंबईच्या लोकलबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सकाळच्या गर्दीत बाई बेशुद्ध होते, पण पडत नाही, कारण पडायला जागा नसते. चारही बाजूंच्या अंगांनी ती उभीच्या उभी धरलेली राहते. बायका कळवळ्याने तिला धरून ठेवतात, वारा घालतात, "पडू देऊ नका, धरा तिला" म्हणतात. खरं तर पडणं हाच शरीराचा इलाज असतो. आडवं झालं की रक्त डोक्याकडे येतं. उभी राहिली तर मेंदूला पुरेसं रक्त मिळत नाही, आणि साधी चक्कर लांबत जाते, कधी हातपाय झटकू लागतात. म्हणून कितीही गर्दी असली तरी आरडाओरडा करून बाकड्याच्या दोन जागा रिकाम्या करायला लावा, नाहीतर खाली जागा करा, तिला आडवं करा आणि पाय वर धरा. पंढरपूरच्या दर्शनबारीत, गणपतीच्या मंडपात, लग्नाच्या हॉलमध्ये हेच करायचं. पाणी पाजायचं ते ती स्वतःच्या हाताने पेला धरू शकेल तेव्हा, आधी नाही. बेशुद्ध माणसाच्या घशात घातलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. कांदा आणि चप्पल लांब ठेवा.

ते हातपाय झटकणं आणखी एका अनर्थाला कारण होतं. साध्या चक्करेतही काही सेकंद झटके येऊ शकतात. बघणारे म्हणतात "फिट आली", आणि तो शिक्का माणसावर बसतो. फिटेनंतर बहुधा काही वेळ माणूस गोंधळलेलं राहतं, कधीकधी जिभेची कड चावली गेलेली असते. चक्करेनंतर ते लगेच नाव-गाव सांगतं. एवढं नीट पाहिलं गेलं नाही तर भलतीच औषधं मागे लागतात. मुलगी लग्नाची असली तर त्याहून वाईट होतं. बोभाटा नको म्हणून तिला डॉक्टरकडेच नेत नाहीत. हे मी जवळून पाहिलं आहे आणि त्याचा मला संताप येतो.

बायकांच्या चक्करेला आपल्या घरांत कारण शोधायचीच पद्धत नाही. हरतालिका, नवरात्र, पाळी, बाळंतपण, यांतलं काहीतरी असतंच, त्यामुळे सगळं त्यात बसवता येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. रक्त कमी असेल तर ते का कमी आहे हे विचारायला हवं. गुडघ्यांसाठी महिनोन्‌महिने वेदनाशामक गोळ्या खाणाऱ्या आजीला चक्कर आली, तर शौचाला डांबरासारखं काळं होतं का हे विचारा. जठरातून रक्त जात असू शकतं. पाळी चुकलेल्या तरुण बाईच्या पोटात दुखतंय आणि ती बेशुद्ध पडली, तर गर्भ नळीत राहून नळी फुटलेली असू शकते. तिथे घरी लिंबूपाणी देत बसण्यात गेलेला तास जीवावर बेततो.

म्हाताऱ्या माणसांची चक्कर रात्री गाठते. लघवीला उठले आणि बाथरूमच्या दारात पडले, हे किती घरांत ऐकलं असेल. रक्तदाबाची गोळी, प्रोस्टेटची गोळी, लघवी होण्याची गोळी, जोडीला मधुमेहाने अधू झालेल्या नसा, यांनी उठल्याबरोबर दाब कोसळतो. आधी झोपवून आणि मग उभं करून तीन मिनिटांत दाब मोजला, आणि वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर कारण सापडलं. हे मोजून घ्या असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला, तर तो चालता-बोलता असला तरी दवाखाना त्याच दिवशी.

आता ज्यांत थांबायचंच नाही त्या गोष्टी. पळताना, खेळताना, जिना चढताना शुद्ध हरपली. आडवं असताना किंवा बसल्या बसल्या हरपली. आधी छातीत धडधडलं, दुखलं, धाप लागली. कसलीच चाहूल नव्हती. हृदयाचा आजार आधीपासून आहे. आणि घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे. ही शेवटची गोष्ट खोदून विचारा, कारण ती वेगळ्या नावाने लपलेली असते. "काका पट्टीचा पोहणारा, तरी विहिरीत बुडाला", "मामेभाऊ झोपेतच गेला". हृदयाच्या विजेचे काही आनुवंशिक दोष असे असतात, की एरवी मूल ठणठणीत असतं आणि पोहताना, नाहीतर अलार्म किंवा फोन कर्कश वाजताच ठोके बिघडतात आणि ते कोसळतं. अशा मुलाला "घाबरट आहे" म्हणून सोडून दिलं जातं. ईसीजीच्या साध्या कागदावर हा दोष पुष्कळदा दिसतो, आणि त्याला औषध आहे.

पडलेलं माणूस हाक मारून, हलवून जागं होत नसेल आणि श्वास नसेल, किंवा नुसते आचके देत असेल, तर ती चक्कर नव्हे. १०८ ला फोन करायला एकाला सांगा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायला लागा. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा क्रिश्चन एरिक्सन असाच कोसळला. छातीवर दाब आणि विजेचा धक्का तिथल्या तिथे मिळाला, म्हणून तो वाचला आणि पुढे फुटबॉलही खेळला.

डॉक्टरांसमोर पडलेलं माणूस काय सांगणार? त्याला काहीच आठवत नसतं. सांगायचं असतं ते बघणाऱ्याने, म्हणून दवाखान्यात सोबत जायचं ते ज्याने पाहिलं त्याने. उभी होती की बसलेली, आधी काय म्हणाली, चेहऱ्याचा रंग कसा झाला, डोळे उघडे होते का, किती वेळ लागला, उठल्यावर ओळखलं का. एवढं एका कागदावर त्याच दिवशी लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी आठवणीत भर पडायला लागते. आणि आजवर तुमच्या घरात कुणी असं पडून उठलं असेल, त्यांचा ईसीजी काढला गेला नसेल, तर या आठवड्यात काढून घ्या. काही शे रुपये लागतात आणि दहा मिनिटं.