न उगवलेले दाणेही मोजा

“विज्ञान हा शास्त्रशाखेचा प्रांत, आपण कलाशाखेवाल्यांनी त्यात कशाला शिरावे?” असे आपल्याकडे नेहमी ऐकू येते. मला हे म्हणणे मान्य नाही. प्रयोगशाळा त्यांची असेल, पण पुरावा कशाला म्हणावे हा प्रश्न सर्वांचा आहे. १९७६ साली राज्यघटनेत आलेल्या मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. तेथे कोणी शाखा विचारलेली नाही.

शाळेत मुलांना विज्ञानाचे निष्कर्ष शिकवले जातात. ते कसे निघाले हे क्वचितच सांगितले जाते. ‘पुस्तकात दिले आहे’ एवढाच त्यांच्यापाशी पुरावा. मग घरी आजोबा म्हणाले, ‘मी डोळ्यांनी पाहिले आहे’, की पुस्तक हरते. दोन्ही बोलणी तोलायला मुलाजवळ काटाच नसतो.

वास्तविक हा काटा आमच्या घरातच आहे. दवनीवाड्याच्या परिसरात धान हेच जीवन. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. बाबांची शाळा चौथीतच सुटली. पण पऱ्हे टाकण्यापूर्वी ते बियाण्याचे शंभर दाणे घेतात. निवडून नव्हे, हाताला येतील तसे. ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतात आणि काही दिवसांनी कोंब आलेले व न आलेले, दोन्ही मोजतात. दुकानदाराच्या शब्दावर ते विसंबत नाहीत. याला शास्त्र नाही तर काय म्हणावे?

आता सर्पदंशाचे पाहा. रोवणीच्या दिवसांत बांधीत साप चावतो, माणसाला मांत्रिकाकडे नेतात, तो वाचतो आणि मंत्राची कीर्ती गावोगाव होते. परंतु आपल्याकडचे बहुसंख्य साप बिनविषारी आहेत. विषारी साप चावला तरी दर वेळी विष अंगात उतरतेच असे नाही. अशी माणसे मंत्राविनाही वाचली असती. जी दगावली त्यांची ‘वेळ भरली होती’ म्हणून त्यांना कोणी मोजत नाही. मित्रहो, न उगवलेले दाणे फेकून दिले तर कोणतेही बियाणे शंभर टक्के उगवते! नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर उतारा आहे तो प्रतिसर्पविषाच्या इंजेक्शनाचा. मंत्रात गेलेला एकेक तास जिवावर बेततो.

सगळे दाणे मोजले की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आदी सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस देऊन, कोणती कोणाची ते ओळखण्यास सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. त्यांतली सुमारे ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवले असते तरी निम्मी बरोबर आली असती. या चाचणीत शिव्याशाप नव्हते, उपहास नव्हता. दोन्ही बाजूंना मान्य होईल अशी परीक्षा होती आणि तिचा पूर्ण निकाल प्रसिद्ध झाला.

काही जण म्हणतील, याने श्रद्धा दुखावतात. मला तसे वाटत नाही. बाबा बियाणे तपासतात आणि पेरणीच्या दिवशी धुऱ्यावर नारळही फोडतात. नारळ फोडला म्हणून त्यांनी दाणे मोजणे सोडले नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे : रुग्णालय लांब आणि मांत्रिक शेजारी. तेथे नुसता उपदेश कामाचा नाही. रात्री-अपरात्री गाडी मिळण्याची सोयही गावाने केली पाहिजे.

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, भाषणे करतो. पुढच्या शिबिरात गावच्या शाळेतील सातवीच्या मुलांना एक काम देऊ या. धानाचे बी मिठाच्या पाण्यात टाकायचे. तळाला बसलेले शंभर आणि वर तरंगलेले शंभर दाणे वेगवेगळ्या ओल्या पोत्यांत ठेवायचे. कोणते पोते कशाचे हे ज्याला ठाऊक नाही त्यानेच कोंब मोजायचे आणि आकडे फळ्यावर लिहायचे. खर्च मूठभर मिठाचा. त्यानंतर त्या मुलांना कोणी काहीही सांगितले, तरी ‘किती पैकी किती?’ हा प्रश्न ती आपणहून विचारू लागतील, असा मला विश्वास वाटतो.