बेस किती, हे विचारून झालं. आता मिक्सर बघा

वर्गणीची पावतीपुस्तकं छापून आली की लातूरच्या मंडळांत पहिली चर्चा बेसची. शेजारच्यांनी आठ लावले तर आपण बारा. मिक्सरवर कोण उभा राहणार, हे कुणी विचारत नाही. मिरवणुकीत कानाला होणाऱ्या त्रासाचा मोठा वाटा इथलाच, असं माझं स्पष्ट मत आहे.

डीजे मिक्सरच्या मागे आरसीए पिनांच्या जोड्या असतात. काही ‘फोनो’ लिहिलेल्या, काही ‘लाइन’. कधी एकच जोडी आणि शेजारी खटका. फोनो हे रेकॉर्ड प्लेयरच्या सुईसाठी. तिच्यातून जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात, म्हणून मिक्सर तो सिग्नल कित्येक पट वाढवतो, वर तबकडीत मुद्दाम कमी भरलेला खर्जही भरून काढतो. लॅपटॉप किंवा मोबाइलचा सिग्नल याहून सहज शंभरपट मोठा. तो फोनोत घातला की गाणं आत शिरतानाच फाटतं. पुढे कितीही भारी अ‍ॅम्प लावा, फाटलेलं शिवून मिळत नाही.

बरोबर लाइनमध्ये जोडलं तरी गेन उरतोच. चॅनलचा गेन, फेडर, मास्टर, तिन्ही वर ढकलून लाल दिवे सतत पेटते ठेवणं ही आपल्याकडे मर्दुमकी समजली जाते. लाल दिवा सांगतो की लाटेचे शेंडे छाटले जात आहेत. त्यातून गाण्यात नसलेले कर्कश सूर तयार होतात, आणि टॉपही जळतात. मालकाचा खिसा तरी आठवावा!

घरघर हा वेगळाच विषय. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डावर, अ‍ॅम्प दुसऱ्यावर, की अर्थिंगच्या वाटेने पन्नास हर्ट्झची घरघर शिरते. मग कुणीतरी शहाणा अर्थची पिनच काढतो. भर पावसात, जनरेटरच्या गाडीवर, ओल्या हातांनी. घरघर थांबते, आणि शॉक लागला तर वाचवणारी वाटही बंद होते. खरा उपाय साधा आहे: सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून चालवा, मास्टरपासून अ‍ॅम्पपर्यंत एक्सएलआरची बॅलन्स्ड केबल ओढा, तरीही राहिलं तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

स्वच्छ आवाज म्हणजे हवा तेवढा आवाज नव्हे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहानंतर भोंगे बंद. सरकार सणांसाठी बारापर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षात फार तर १५ दिवस. गंजगोलाईसारख्या, सोळा रस्ते मिळतात त्या दाट बाजारात स्वच्छ खर्जही शटर थरथरवतो. पण पोलिसांचं मीटर डेसिबल मोजतं, फाटणं मोजत नाही. ते मंडळालाच ऐकावं लागेल.

तेव्हा यंदा सुपारी देण्याआधी साउंडवाल्याला तासभर बोलवा, तुमच्यासमोर जोडणी करू द्या, लाल दिवा न पेटवता गाणं ऐका. आणि अर्थची पिन काढलेली दिसली, तर सुपारी देऊच नका.