बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

जुन्या ट्रॅक्टरचा सेल्फ नुसता टकटक वाजू लागला की गावोगावी निदान ठरलेले असते : बॅटरी गेली. काही हजार रुपये मोजून नवी बॅटरी येते, ट्रॅक्टर झटक्यात सुरू होतो आणि निदान बरोबर निघाले असे सगळ्यांना वाटते. पंधरवड्याने पुन्हा टकटक. यात नवल काही नाही. नवी बॅटरी दुकानातूनच चार्ज होऊन येते. चार्जिंग बंद असले तरी तेवढ्या शिदोरीवर ती काही दिवस सेल्फ फिरवते. दोष तसाच राहतो, तेवढे दिवस दिसत नाही इतकेच. म्हणून मीटर लावून आकडा पाहिल्याशिवाय चार्जिंगचा एकही भाग बदलू नये, आणि बदला असे सांगणाऱ्याकडे तो आकडा मागावा, असे माझे मत आहे.

हा दोष लपून राहतो तो डिझेल इंजिनाच्या गुणामुळे. जुन्या ट्रॅक्टरचा डिझेल पंप यांत्रिक असतो. इंजिन एकदा सुरू झाले की त्याला विजेची गरज उरत नाही. पेट्रोलची गाडी बॅटरी पुरती उतरल्यावर रस्त्यातच बंद पडते आणि मालकाला जागे करते. ट्रॅक्टर मात्र रात्री उतारावर लावून, सकाळी धक्का मारून हंगामभर नांगरतो. मीटरपुढे असे काही चालत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे जवळपास निम्मी उतरलेली. इंजिन सुरू करून रेस दिली की हाच आकडा साधारण 13.8 ते 14.5 पर्यंत चढायला हवा. चढलाच नाही तर चार्जिंग होत नाही, मग बॅटरी कितीही नवी असो. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. बॅटरीत सारखे पाणी घालावे लागते ते बहुधा यामुळेच. भरलेली बॅटरीसुद्धा सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तरच तिच्यावर किंवा सेल्फवर संशय घेणे रास्त. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो.

आकडा चढला नाही म्हणजे अल्टरनेटर जळाला, असेही लगेच मानू नये. आधी पट्टा पाहावा : लांब बाजूच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर तो अर्ध्या इंचाहून फार खाली जात असेल, तर भार आल्यावर घसरणार. मग टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी आणि चेसिसला जोडलेली अर्थिंगची पट्टी. ही पट्टी गंजलेली असते, तिच्यावर शेणामातीचा थर असतो आणि तिच्याकडे कुणीच पाहत नाही. दिवे लावून, इंजिन चालू ठेवून मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या टोकावर आणि दुसरी बॅटरीच्या अधिक खुंटावर ठेवली, आणि अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर वीज वायरीतच वाया जात आहे. अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा उणे खुंट यांमध्येही तसेच पाहावे. सगळ्यात गमतीचा दोष डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याचा. पुष्कळ अल्टरनेटरना जागे करणारा पहिला प्रवाह या दिव्यातूनच जातो. काही रुपयांचा बल्ब उडाला की धडधाकट अल्टरनेटर मुकाट फिरत राहतो. चावी दिल्यावर, इंजिन बंद असताना, हा दिवा लागतो का, एवढे पाहायला मीटरही लागत नाही. डायनामोचे ट्रॅक्टर त्याहून जुने. तिथे कार्बन झिजतात, कटआउटचे पॉइंट जळतात, आणि फार दिवस पडून राहिल्यास डायनामोतले चुंबकत्व उतरते.

यावर उत्तर येते की मिस्त्रीचा अनुभव मीटरपेक्षा मोठा. पट्ट्याचा आवाज ऐकून बेअरिंग गेले हे सांगणारे कान खरोखर असतात आणि त्यांचा मान ठेवायलाच हवा. पण व्होल्ट कानाला ऐकू येत नाहीत. याच अनुभवाच्या नावाखाली इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग आहे का’ हे पाहण्याची पद्धत अजून टिकून आहे. डायनामोच्या काळातही ती धड नव्हती. अल्टरनेटरवर ती घातक ठरते, कारण वायर निघताच व्होल्टेज उसळते आणि डायोड किंवा रेग्युलेटर जळू शकतो. तपासणीनेच यंत्र बिघडवायचे आणि त्याचे बिल मालकाने भरायचे, असा हा प्रकार.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : ऐन हंगामात, ट्रॉली भरलेली असताना मोजत कोण बसणार? पण हे मोजमाप चहा होईपर्यंत उरकते. चुकीचा भाग बदलून पुन्हा गॅरेजला जाण्यात मात्र अख्खा दिवस जातो. शिवाय हंगामातच भार वाढलेला असतो. पंचावन्न वॅटचे दोन हेडलॅम्प नऊ अँपिअरहून अधिक ओढतात. त्यावर रंगीत एलईडी पट्ट्या आणि ऊस वाहतुकीत हौसेने बसवलेली साउंड सिस्टीम आली, की जुन्या डायनामोची ताकद संपते आणि उरलेला भार बॅटरी उचलते. अशा वेळी बॅटरी वाचवायला चालक काय बंद करतो, तर ट्रॉलीचे मागचे दिवे. गाणी चालूच राहतात. रात्रीच्या रस्त्यावर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवाशी हा हिशेब येऊन भिडतो, म्हणून हा केवळ ट्रॅक्टरमालकाच्या खिशाचा प्रश्न उरत नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विषय हाती घेतला, तेव्हा निवडलेल्या क्षेत्रांत शेती अवजारेही होती. त्या हक्काला खेड्यात अर्थ यायचा तर प्रत्येक मॉडेलचा वायरिंगचा नकाशा, जुन्या मॉडेलांचासुद्धा, कंपन्यांनी मराठीत आणि फुकट द्यायला हवा. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहेच. तिथल्या मुलांना घेऊन कृषी विज्ञान केंद्रांनी गाळप हंगामाआधी गावोगावी चार्जिंग तपासणीची शिबिरे भरवायला काय हरकत आहे? ते होईल तेव्हा होईल. तोवर ट्रॅक्टरमालकांनी गॅरेजच्या बिलावर दोन आकडे लिहून मागावेत : इंजिन बंद असतानाचे व्होल्ट आणि रेस दिल्यावरचे व्होल्ट. ते मिळेपर्यंत नव्या बॅटरीचे पैसे देऊ नयेत.